माझ्यावरचा निळा रंग

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मित्रांनो, मोडीत निघालेल्या दरवाजांच्या चौकटींतून सुतारकाकांनी मला घडवलं. त्या वेळी आमच्या गल्लीतल्या पंचवीसही घरांना स्वतःची शिडी हवी होती, आणि तीही वर्षातून दोनदा वापरायला! कपडे शिवणाऱ्या मावशीने सगळ्यांना विचारलं, "अहो, एवढ्या शिड्या ठेवणार कुठे? डोक्यावर?"

गल्लीच्या तोंडाशी एक बंद पडलेलं पंपघर होतं. ते सामायिक वस्तूंसाठी मिळावं म्हणून मावशी शेजाऱ्यांना घेऊन पालिकेच्या कचेरीच्या दारात सलग नऊ दिवस बसली. शेवटी साहेब कंटाळले आणि किल्ली मिळाली. गाव करील ते राव काय करील! तिथे मी, एक ड्रिल मशीन, दोन फावडी आणि एक भलंमोठं पातेलं असा आमचा संसार थाटला गेला. कुणा एकाची असते तर मी अडगळीत धूळ खात पडले असते. इथे मला टेकायला फुरसत नव्हती. गळकी छपरं, पाण्याच्या टाक्या, झाडावर अडकलेलं मांजर, सगळीकडे मीच.

दहा वर्षं झाली तेव्हा कौतुकाच्या भरात सगळ्यांनी मला निळा रंग दिला. सुतारकाका नेमके लेकीकडे गेले होते, नाहीतर 'रंगाखाली लाकूड दिसत नाही' म्हणत त्यांनी डबाच लपवला असता. मीही नव्या नवरीसारखी मिरवले. पण माझ्या सातव्या पायरीत बारीक चीर पडली होती, ती रंगाखाली झाकली गेली. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

महिन्याभरात मावशी पंपघराचं छप्पर साफ करायला चढली आणि ती पायरी कडकन तुटली. मावशीचा पाय मोडला. तिचं शिवणयंत्र तीन महिने बंद राहिलं. मला फार वाईट वाटलं.

इस्त्रीवाले काका भडकले. "बास झालं! ज्याने त्याने आपापलं घ्यावं. किल्ली देऊन टाकू परत." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. सगळे मावशीच्या खाटेभोवती जमले.

"शिडीला कशाला बोल लावता?" मावशी म्हणाली. "सगळ्यांची आहे, कुणीतरी बघेल, असंच प्रत्येकाला वाटलं. मलासुद्धा. ब्रश माझ्याही हातात होता की!"

 मग इस्त्रीवाले काकाच पुटपुटले, "मी तर दोन हात दिले होते रंगाचे."

किल्ली परत गेली नाही. सगळ्यांनी मिळून माझा रंग खरवडला. सुतारकाकांनी नवी पायरी बसवली आणि अंगाला नुसतं तेल लावलं. तेव्हापासून रीतच पडली. चढण्याआधी दोघांनी प्रत्येक पायरीवरून उघडा हात फिरवायचा आणि एकाने खाली धरून उभं राहायचं.

पाय बरा झाल्यावर पहिली मावशीच आली. इस्त्रीवाले काकांनी सातवी पायरी तीनदा चाचपली. मला धरायला इतके जण धावले, की मावशी ओरडली, "अरे, मला चढायला जागा ठेवा!" सातव्या पायरीवर एक पाय टेकून ती थांबली. खाली सगळ्यांनी श्वास रोखला. मग तिने दुसराही पाय ठेवला.

मित्रांनो, या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला टाकलं नाही आणि एकमेकांचा हातही सोडला नाही. तुमच्याकडे चार जणांत मिळून एखादी वस्तू असेल, तर तिला नुसती नटवू नका. उचलण्याआधी तिच्यावरून हात फिरवा. ती सगळ्यांची आहे, म्हणजे तुमचीही आहे.