खडूची रेघ

तिने चपला काढून बाजूला सरकवल्या आणि थेरेमिनच्या उभ्या दांडीसमोर उजवा हात धरला. या वाद्याला स्पर्श करायचाच नसतो. हात दांडीजवळ गेला की सूर चढतो, लांब गेला की उतरतो. हातच कशाला, शेजारून माणूस गेला तरी बिचकतो. म्हणून ती वाजवायला उभी राहिली की तिच्याभोवती जमिनीवर खडूची रेघ ओढायची आणि वाजवणं संपेपर्यंत ती कोणी ओलांडायची नाही, अशी जुनी पद्धत. आज ध्वनिमुद्रकाने न सांगताच रेघ ओढून ठेवली होती. तिला बरं वाटलं.

जुन्या अंतराळपटाची ध्वनिफीत साफ करण्याचं काम चाललं होतं. ओसाड ग्रहावर यान उतरतं, तिथे फीत खराब झाली होती आणि तेवढा तुकडा तिने पुन्हा वाजवायचा होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचा नवरा, त्या चित्रपटाचा संगीतकार, ठरलेला किस्सा सांगत बसला होता. त्याचा एक कान पार गेला होता, दुसऱ्याने कमी ऐकू यायचं; तोंड मात्र शाबूत होतं.

"यान उतरतं, सगळं शांत, आणि तो लांब सूर मध्येच वर उचलला जातो. जणू ग्रहच विचारतोय, कोण आलं म्हणून. लोक म्हणतात, काय कल्पना आहे! कल्पना कसली डोंबलाची. हिचं वाजवणं ऐकून मला राहवलं नाही. रेघ ओलांडून गेलो हिच्याजवळ."

ती ऐकून न ऐकल्यासारखं करत होती, पण तिला ते आवडायचं. त्या एका सुरावर तर तिने या माणसाला होकार दिला होता. पुढे पडद्यावर तिचं नाव आलं नाही, सत्कारांत ती मागच्या रांगेत बसली, घरात त्याने कधी साधी विचारपूस केली नाही. तरी त्या चार पावलांच्या जोरावर तिने सगळं पोटात घातलं.

"काकू, आधी मूळचं ऐकून घ्या," ध्वनिमुद्रक म्हणाला. "बाकीची वाद्यं बंद केलीत. फक्त तुमचा माईक आहे. खरखर आहे, पण सूर कळेल."

तिने हेडफोन चढवला. सूर सुरू झाला, तिच्या तरुणपणीचा, न थरथरणारा. मग फितीतच लांबून दार वाजलं. त्या दिवशी हेडफोनमधून तिच्या कानांत सगळा वाद्यवृंद भरला होता, तिला यातलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"साहेब, बाईंच्या भावाचा फोन आहे. आईचं काही खरं नाही, बाईंना लगेच पाठवा म्हणतोय," स्टुडिओतला पोऱ्या सांगत होता.

पावलं जवळ आली. सूर वर चढला आणि तिथेच थबकला. मग पावलं मागे फिरली, सूर खाली आला आणि ओळखीचा आवाज हळूच म्हणाला, "टेक होऊ दे. मग सांगू."

त्या दिवशी काम आटोपल्यावर त्याने तिला सांगितलं होतं, फोन आत्ताच आला. ती पोचली तेव्हा आई गेली होती. मी केव्हाच फोन केला होता, असं भाऊ म्हणाला, तर तिने त्यालाच खोट्यात काढलं. भावाने पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही. आता तोही नव्हता. तिला नवऱ्याची चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःची.

"मागे कोणीतरी बोलतंय," ध्वनिमुद्रक तिच्याकडे न बघता म्हणाला. "काढून टाकायचं ना?"

"काय म्हणतोय गं तो?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "वाजवते मी."

तिने सूर लावला. नवरा हसत खुर्चीतून उठला. ध्वनिमुद्रकाने हाताने थांबवलं, पण ऐकतो कोण. तो रेघ ओलांडून थेट तिच्या खांद्याशी येऊन उभा राहिला. त्याच्या दाढीच्या साबणाचा वास आला. तो जसजसा जवळ आला तसतसा तिने उजवा हात मागे घेतला होता, अगदी तेवढाच, जेवढा घ्यायला हवा होता. सूर जागचा हलला नाही.

तुकडा संपला.

"आज चढला नाही गं सूर," तो हिरमुसून म्हणाला. "मी तर अगदी जवळ आलो होतो."

"त्या दिवशीही आला होतात. आईचा निरोप घेऊन. आणि तसेच परत गेलात."

"काय?" त्याने कानामागे हात धरला.

त्याला सगळं दोनदा सांगायची तिला सवय होती. ती त्याच्या बऱ्या कानाशी गेली आणि तेच शब्द सावकाश पुन्हा म्हणाली.

कानामागचा त्याचा हात खाली आला नाही. ध्वनिमुद्रक उगाच बटणं चाचपत राहिला. तिने वाद्य बंद केलं आणि चपला पायात सरकवल्या.