खोडलेली सुरुवात

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, जाहीर केलं होतं की मुलींना गणवेशात स्कर्टऐवजी पँट हवी असेल तर नववीच्या वर्गाने रीतसर पत्रं लिहावीत. पटलं तर बदल करू. नववीला भाषा शिकवणाऱ्या बाईंना तर आयतंच रान मोकळं मिळालं. पत्रलेखन म्हणजे त्यांचा हातखंडा, निदान त्यांचा तसा समज होता.

"पत्राची सुरुवात म्हणजे दारावरची थाप," त्यांनी वर्गात सांगितलं. "दार फोडायचं नाही आणि नुसतं खरवडायचंही नाही. आधी समोरच्याचा मान, मग आपली ओळख, मग मागणी." आणि मुलांचं डोकं उगाच शिणायला नको म्हणून फळ्यावर वाक्यच लिहून दिलं : 'आपल्या दूरदर्शी मार्गदर्शनाखाली आपली शाळा प्रगतिपथावर आहे, याचा आम्हांला सार्थ अभिमान वाटतो.'

सगळ्या वर्गाने ते निमूटपणे उतरवून घेतलं. एकीने मात्र नाही. ती बाईंची सख्खी लेक. घरी 'आई' आणि शाळेत 'बाई' म्हणायचं, असं दोघींचं ठरलेलं होतं. पोटच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून बाई तिला इतरांपेक्षा दोन शब्द जास्तच सुनवायच्या. लोकांना जसा दुसरा उद्योगच नव्हता!

लेकीने लिहिलं होतं : 'मी सायकलने शाळेत येते. एक हात हँडलवर असतो आणि दुसरा स्कर्टवर. मध्यंतरी सायकलवरून पडले ती त्यामुळेच.'

बाईंच्या काळजात चर्र झालं. गुडघा फोडून घरी आलेल्या पोरीला 'लक्ष कुठे असतं तुझं?' म्हणून त्यांनीच झापलं होतं. पण समोर अख्खा वर्ग बसलेला. त्यांनी त्या ओळी मोठ्याने वाचल्या आणि म्हणाल्या, "बघा, अशी सुरुवात करायची नसते. हे पत्र नाही, हे रडगाणं आहे."

वर्ग खिदळला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "हँडल धर गं, हँडल!" लेक कानापर्यंत लाल झाली. बाईंनी त्या ओळींवर रेघ ओढली, आणि पोरीने मुकाट्याने फळ्यावरचं वाक्य उतरवलं.

शनिवारी शाळा सुटताना मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता.

"बाई, मला वाटलं एकच पत्र पुन्हा पुन्हा वाचतेय की काय! एवढं कौतुक तर माझ्या निरोप समारंभातही व्हायचं नाही," त्या हसून म्हणाल्या. मग हसू मावळलं. "पण पँट कशाला हवी, ते कुठेच नाही. 'सोयीची आहे' म्हणे. मग राहू दे स्कर्टच. काय हो, एकीलाही स्वतःचं काही सांगायचं नव्हतं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

म्हणाल्या खऱ्या, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीतून फाटक दिसत होतं. बाहेर वारा सुटला होता आणि लेक सायकल हातात धरून चालत निघाली होती. हल्ली ती बऱ्याचदा अशीच चालत घरी यायची. मैत्रिणींशी गप्पा हाणायला, असं बाई धरून चालल्या होत्या.

"होतं," त्या म्हणाल्या. "एकीने लिहिलं होतं. मी ते खोडलं. वर्गात वाचून हसंही केलं तिचं." त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "माझीच मुलगी आहे ती."

मोठ्या बाईंनी शिपायाला पिटाळलं. लेक आत आली आणि आईकडे न बघता उभी राहिली.

"सांग बघू, तुला पँट का हवी?" मोठ्या बाईंनी मायेने विचारलं.

"काही नाही, मोठ्या बाई."

"अगं, सांग ना, बाळा," आई कळवळून म्हणाली. शाळेत तिने लेकीला बाळा म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

लेकीने स्कर्टची कड मुठीत घट्ट धरली.

"नको, बाई," ती म्हणाली. "परत रडगाणं होईल."