सोयगावच्या बैठकीचा व्हिडिओ

पडदा काळा झाला तेव्हा डाउनलोडची निळी पट्टी निम्म्याच्या बरीच पुढे गेली होती. डोक्यावरचा पंखा रेंगाळत थांबला, राउटरचे दिवे विझले आणि तोंडात आली ती शिवी मी शिवराजला हासडली. लाइट जाण्यात त्याचा काय दोष, असं कोणी विचारलं असतं तर त्यालाही एक दिली असती.

“गेली का?” ओट्यावरून आप्पांनी विचारलं.

“गेली.”

“ह्या बाजूचा फेज गेला आसंल. डीपीवर लोड लई आलाय आजकाल. येईल दहा मिनटांत.”

आप्पा म्हणजे माझे वडील. वीज खात्यात लाइनमन होते. पाचोडपासून करमाडपर्यंत किती खांबांवर चढले असतील याचा त्यांनाही पत्ता नाही. त्यांनी फेज गेला म्हटलं की गेला, आमच्या घरात त्यावर वाद नसतो. दहा मिनिटांनी लाइट आली. कॉम्प्युटरने सुरू व्हायला त्याचा तो वेळ घेतला आणि मग पडद्यावर आलं, ‘डाउनलोड अयशस्वी. नेटवर्क त्रुटी. पुन्हा प्रयत्न करा.’

प्रयत्न करा म्हणे. चार दिवस दुसरं काय करत होते मी?

शिवराज माझा नवरा, कागदावर अजून आहे. सोयगावला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. दोन वर्षं नांदले तिथं. मग एके दिवशी त्यांनी मला बॅगेसकट मुकुंदवाडीत आईबापाच्या दारात आणून सोडलं आणि कोर्टात लिहून दिलं, की बायको मनानेच निघून गेली, आम्ही कधी कशाची मागणी केली नाही. मागणी केली होती. आप्पांची करमाडची जमीन जावयाच्या नावावर करा, मग पोरगी नांदवतो, अशी. मला सोडल्यावर आप्पा आणि माझे चुलते काकासाहेब समेटासाठी सोयगावला गेले होते. बैठक झाली. परत आल्यावर आप्पा “जमत नाय” एवढंच बोलले आणि अंघोळीला गेले. पुढेही बैठकीचं किंवा साक्षीचं नाव काढलं की उठून जायचे. आता काकासाहेबांना साक्ष द्या म्हटलं तर त्यांच्या घरात लग्नाची पोरगी आहे. भाऊ असा कामाला आला.

पण शिवराज आपल्याच हौसेत अडकला होता. त्याने नवा फोन घेतला होता आणि त्यावर दिसेल त्याचा व्हिडिओ काढायचा, तोही सगळ्यांत भारी दर्जाचा, ही त्याची खोड. म्हैस व्याली तरी व्हिडिओ. त्याने त्या बैठकीचाही काढला. फोनमधलं सगळं आपोआप क्लाउडवर चढत होतं, लग्नानंतर त्यानेच हौसेने आम्हा दोघांसाठी केलेल्या फोल्डरमध्ये. मला घरातून काढायचं त्याच्या लक्षात राहिलं, फोल्डरमधून काढायचं विसरला.

मला तो व्हिडिओ सापडला तेव्हा सुरुवातीची दोन मिनिटं दिसली, पुढे नुसतं चक्र फिरत राहिलं. पण तेवढ्यात माझे सासरे साहेबराव खुर्चीत रेलून स्वच्छ बोलतात, “आप्पासाहेब, करमाडचं करून द्या आन् उद्याच पोरगी घेऊन या.” मला नाचावंसं वाटलं.

आमच्या वकील चारुता मॅडम मात्र नाचल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मूळ फाईल पाहिजे, तारखेसकट. पडद्यावर चाललेला व्हिडिओ मोबाईलवर काढून आणू नका, समोरचे वकील फाडून खातील. आणि शुक्रवारी दुपारी माझ्या अर्जाची प्रत त्यांना जाईल. त्यात या व्हिडिओचा उल्लेख आहे. त्यांनी तो वाचला की फोल्डर गेलाच समजा. त्याच्या आत आणा.”

त्या रात्री जेवताना मी घरात सांगितलं. आईने देवाकडे बघून हात जोडले. आप्पा भाकरी मोडत होते.

“कितीचा हाय त्यो?” त्यांनी विचारलं.

“पाऊण तासाचा.”

“समदा हाय?”

“सगळा आहे आप्पा. पार शेवटपर्यंत.”

त्यांनी ताट पुढे सरकवलं. भूक नाही म्हणाले.

फाईल भली मोठी होती. मोबाईलमध्ये जागा नाही आणि त्याचं नेट संध्याकाळपर्यंत संपतं. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअरला आहे, तिथं पेनड्राइव्ह गेटवरच काढून घेतात. चौकातल्या नेट कॅफेत बसून माझ्या संसाराची बैठक चार टवाळांसमोर उघडायची मला इच्छा नव्हती. राहिला घरातला जुना कॉम्प्युटर, ज्याच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. मी रजा टाकली आणि त्याच्यासमोर ठाण मांडलं.

पहिल्यांदा वाटलं, डिस्क भरली असेल. जुनी गाणी आणि लग्नाचे फोटो उडवले. लग्नाचे फोटो उडवताना फार बरं वाटलं. मग ब्राउझर बदलला, अँटिव्हायरस बंद केला. कॉम्प्युटर आपोआप झोपतो म्हणून ती सेटिंग बदलली. राउटर कपाटावरून काढून टेबलावर ठेवला आणि नवी केबल आणली. दर वेळी पट्टी निम्म्यापर्यंत शहाण्यासारखी जायची, मग लाइट जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अर्धवट फाईल पुढे सुरू होत नाही, हा त्या कंपनीचा आणखी एक शहाणपणा. मला खात्रीच पटली, की शिवराज तिकडे बसून काहीतरी करतोय आणि हसतोय.

आप्पा मधूनमधून दारात यायचे. “कुठवर आली पट्टी?”

“चाळीस टक्के.”

“बरं,” म्हणायचे आणि जायचे. मला वाटायचं, त्यांच्याही जिवाला घोर लागलाय. मी उलट त्यांनाच धीर द्यायची.

गुरुवारी नेटवाल्याला बोलावून त्याची खरडपट्टी काढली. त्याने मशीन लावून बघितलं आणि तोही चिडला. “नेट एकदम बराबर आ रहा मॅडम. हमारे लाइन में कुछ नहीं. तुमच्या लाइटचाच लोचा है. घर में लाइनमन है ना, उनकोच पूछो.”

“त्यांना विचारलंय. डीपीचा प्रॉब्लेम आहे.”

“बाजूवाल्यांची लाइट तर चालू थी,” तो म्हणाला. मी त्याला निघ म्हटलं. माझ्या बापाला लाइट शिकवतोय!

शुक्रवारी पहाटेच बसले. पहिला प्रयत्न नेहमीसारखा मेला. दुसरा लावला आणि हलायचं नाही असं ठरवलं. आईने चहा आणला तो तसाच गार झाला. दुपारी पट्टी ऐंशीच्या पुढे गेली. चार दिवसांत एवढी कधीच गेली नव्हती.

“कुठवर आली गं?” बाहेरून आवाज आला.

“आलीच आप्पा! पाच-दहा मिनिटं!”

आणि पडदा काळा झाला.

“फेज गेला,” आप्पा पडवीतून म्हणाले.

मी तशीच बसून राहिले. घरात गिरणीची घरघर तेवढी ऐकू येत होती. आईची पिठाची गिरणी फाटकाजवळच्या खोलीत आहे. गल्लीतलं सगळं दळण तिच्याकडे येतं. त्या घरघरीत मी मिनिटभर नुसती बसले होते. मग लक्षात आलं. गिरणीला तिन्ही फेज लागतात. लहानपणापासून बघत आलेय, एक फेज गेला की ती गुरगुरून बंद पडते आणि आई डोक्याला हात लावून बसते. आत्ता ती कुणाचीतरी ज्वारी खुशाल दळत होती.

पडवीत आले. आप्पा मीटरच्या बोर्डासमोर उभे होते, पाठमोरे. त्यांच्या हातात माझ्या खोलीचा पांढरा फ्यूज होता.

“आप्पा, गिरणी चालूय,” मी म्हटलं.

त्यांनी कान दिला. इतक्या वर्षांच्या लाइनमनने ऐकलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी फ्यूज लपवला नाही. मागे वळले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

“चार दिवस तुम्हीच काढत होता?”

“व्हय.”

मग मी जे बोलले ते बापाला बोलायचं नसतं. साहेबरावांनी किती दिले म्हणून विचारलं. जमीन वाचली ना तुमची, आता पोरगी मेली तरी चालेल, असंही म्हटलं. आवाज ऐकून आई गिरणी बंद करून आली. केसांवर, भुवयांवर पीठ. तिने त्यांच्या हातातला फ्यूज बघितला.

“अहो, काय केलं हो तुम्ही हे?”

“तू दोनच मिनटं बगितली,” आप्पा मला म्हणाले. “त्याच्या म्होरं मी हाय.”

“म्हणजे?”

“टोपी काढली म्या. साहेबरावच्या पायावर ठिवली. म्हनलं, जमीन तेवढी मागू नका, पोरीला नांदवा. त्यानं पायानंच सारली बाजूला. समदे हसले. आन् तुझा नवरा फोन धरून मला म्हनतो, आप्पा, जरा इकडं बघा.”

आईने पिठाचे हात पदराला पुसले.

“जज बघंल, वकील बघंल. उद्या त्यो भाड्या गावभर फिरवंल. आन् तू बघशील. लोकांनी मला खांबावर बगितलंय, पोरी. तसं नाय बगितलेलं कुनी.”

मला दया यायला हवी होती. खोटं कशाला बोलू, नाही आली. राग आला. त्यांच्या टोपीसाठी माझा जन्म गहाण पडावा, याचा राग.

“आणि माझं काय?” मी विचारलं.

त्यांनी फ्यूज जागेवर बसवला. आत पंखा फिरायला लागला. मी कॉम्प्युटरसमोर बसले तसे ते खुर्ची ओढून माझ्या मागे येऊन बसले. चार दिवसांत पहिल्यांदाच ते खोलीत बसले होते. “लाव,” म्हणाले. “आता नाय जात लाइट.”

मी फोल्डरवर क्लिक केलं. पडद्यावर एकच ओळ आली. ‘तुम्हाला या फोल्डरमध्ये प्रवेश नाही.’

“काय म्हनतंय?”

“काढलं मला. अर्ज पोचला त्यांना.”

मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं बंद केलं. घर तीन माणसांचं, त्यात दोघं एकमेकांना ओलांडून चालतात. आईने ते महिने कसे काढले तिलाच ठाऊक. मी त्यांना ताट वाढायची, पण पाणी हवं का म्हणून विचारायची नाही.

चारुता मॅडमना तोंड दाखवायला गेले तेव्हा आप्पा न बोलावता मागून आले. मॅडम वैतागल्या होत्या. व्हिडिओ कोर्टामार्फत मागवता येईल, पण मिळेल तेव्हा खरं, असं म्हणाल्या. मग पेन आपटून म्हणाल्या, “बैठकीला होतं कोण? सांगणार कोण?”

“मी सांगतो,” आप्पा म्हणाले.

“उलटतपासणी घेतील, काका. काहीही विचारतील. सगळ्यांसमोर.”

“विचारू द्या.”

तारखेला साहेबराव आणि शिवराज मागच्या बाकावर बसले होते. शिवराज फोन बघत होता. त्यांचे वकील उंच, गोड आवाजाचे. त्यांनी आप्पांना आधी वय विचारलं, मग विसरायला होतं का विचारलं.

“नाय.”

“बैठकीत कोणतीही मागणी झाली नाही. चहा-पाणी झालं आणि तुम्ही निघालात. बरोबर?”

“चहा नाय दिला.”

कोणीतरी खुसकन हसलं.

“मी सांगतो काय झालं,” वकील म्हणाले. “मुलीला नोकरी करू द्या म्हणून तुम्ही आवाज चढवला. चिडून, शिव्या देऊन निघून आलात.”

“जमीन मागितली त्यांनी. करमाडची. म्या चिडलो नाय.”

“चिडला नाहीत? तुमच्या म्हणण्याप्रमाणे जमीन मागितली आणि तुम्ही चिडला नाहीत. मग काय केलंत?”

आप्पांनी न्यायाधीशांकडे बघितलं नाही, वकिलाकडेही नाही. माझ्याकडे बघितलं. नको, असं मला ओरडायचं होतं. त्या क्षणी मला केस नको होती, शिवराज जिंकला तरी चालणार होतं.

त्यांनी टोपी काढली. विरळ केसांखाली कपाळाचा वरचा भाग पांढरा होता, ऊन न लागलेला. साक्षीच्या पिंजऱ्यातून ते खाली उतरले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि टोपी फरशीवर ठेवली.

“अशी,” ते म्हणाले. “हितं त्यांचे पाय व्हते. त्यांनी पायानं अशी बाजूला सारली.” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती वीतभर सरकवून दाखवली.

टाइप करणारी बाई थांबली. मागच्या बाकावर साहेबरावांनी पाय आत ओढून घेतले. मी बघितलं. न्यायाधीशांनीही बघितलं.

“उचला ती,” न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले. “लिहून घेतलंय.”

मी उठले. आप्पांनी तळहात दाखवून मला तिथंच थांबवलं. एका हाताने पिंजऱ्याचा कठडा धरून ते पुन्हा वाकले, टोपी उचलली आणि डोक्यावर नीट बसवली. मग पिंजऱ्यात चढून उभे राहिले.

“विचारा, वकीलसाहेब,” ते म्हणाले. “आजून काय इचारायचं हाय?”