एकास शून्य

सोमवारी आम्ही थॉर्नमथला पोहोचलो तेव्हा गाव समुद्राकडे एकास तीसने उतरत होतं आणि मंगळवारी सकाळी एकास चोवीसने. म्हणजे सोमवारी तीस पावलं गेलं की एक पाऊल खाली, तेच मंगळवारी चोवीस पावलांत. मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्यांची आखणी केली आहे, उतारात माझी चूक होत नाही. गवंड्याची छोटी पाणसळ खिशात असतेच. ती नाश्त्याच्या टेबलावर ठेवली, बुडबुडा कुठे जातो ते पाहिलं आणि कागदी रुमालावर आकडा लिहून ठेवला.

चालणाऱ्या माणसाला यातलं काही कळत नाही. त्याचे गुडघे परस्पर सांभाळून घेतात. नऊ वर्षांपूर्वी मी कालव्याच्या भरावावरून पडलो आणि कमरेखालचं सगळं थांबलं; तेव्हापासून मी चाकांवर आहे आणि जगात सपाट असं फार थोडं आहे हे मला माहीत आहे. माझ्या हातांनी मी एकास बारापर्यंत चढतो. त्याच्यापुढे मला कुणीतरी लागतं.

आम्ही पाच जण होतो. मुलगा विक्रांत इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरीला, सून रेवती तिथल्याच दवाखान्यात, नात चार्वी सहा वर्षांची. मी आणि शैला कराडहून दोन महिन्यांसाठी आलो होतो. विक्रांत आणि रेवतीला एकत्र रजा मिळाली होती ती दोन वर्षांनी. माझी खुर्ची जाईल एवढी रुंद दारं असलेलं गेस्ट हाऊस शोधायला विक्रांतने महिना घालवला होता. ते रस्त्याच्या वरच्या टोकाला होतं, खालच्या टोकाला समुद्र, मध्ये दोनशे पावलं. गाडी वर गेस्ट हाऊसपाशी लावलेली. शनिवारी सकाळी दहाला आम्ही परत निघणार होतो.

मंगळवारी शैलाने डबा उघडला तेव्हा रव्याचा एक लाडू टेबलावरून घरंगळला, दाराबाहेर गेला आणि रस्त्याने खाली निघाला. चार्वी त्याच्यामागे धावली. तो समुद्रात गेला असं तिने परत येऊन सांगितलं. शैला म्हणाली की पाक जरा जास्त झाला होता, लाडू कडक वळले गेले. लग्नाला चाळीस वर्षं झाली की माणूस लाडवांबद्दल मत देत नाही.

बुधवारी एकास अठरा. मालकीणबाई मिसेस हॉलिस रोज सकाळी टेबलांच्या समुद्राकडच्या पायांखाली पुठ्ठ्याची एकेक घडी वाढवत होत्या. वाटाणे ताटात थांबेनात म्हणून त्या दिवसापासून ठेचलेले वाटाणे द्यायला लागल्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की समुद्राकाठची घरं जरा बसतातच आणि चहा अजून हवा का. तिथली माणसं फार सभ्य आहेत. रस्त्यावर सगळे थोडे मागे रेलून चालत होते, भेटले की हवेबद्दल बोलत होते आणि कुणी कुणाला का रेलतोस असं विचारत नव्हतं.

त्या दुपारी घरची मंडळी पाण्यात गेली आणि मी खाली काँक्रीटच्या धक्क्यावर थांबलो. तिथे पत्र्याचं छप्पर असलेला एक निवारा आहे. त्यात सात माणसं ओळीने बसली होती, सातही जण माझ्यासारखेच खुर्चीवर. गुडघ्यांवर चौकटीच्या लोकरी शाली, तोंडं समुद्राकडे आणि सगळ्यांचे ब्रेक लावलेले. शेवटच्या खुर्चीतल्या बाईंनी मला विचारलं, जाणार कधी?

"शनिवारी," मी म्हणालो.

"आम्हीसुद्धा शनिवारीच जाणार होतो," त्या म्हणाल्या.

किती दिवस झाले ते मी विचारलं नाही. वरच्या कठड्यावरून कुणीतरी दोरीला बांधून थर्मास सोडला. बाईंनी हात वर केला, थर्मास सोडवून घेतला आणि वर बघून हसल्या. कठड्याशी एक कुटुंब उभं होतं, लहान मुलांसकट. ते सगळे हात हलवत होते.

गुरुवारी एकास बारा. संध्याकाळी मला वर आणताना विक्रांत तीनदा थांबला. आमची उंची सारखी, पण तो दिवसभर खुर्चीत बसून संगणकावर काम करणारा माणूस. शर्ट भिजून त्याच्या पाठीला चिकटला होता. जेवणाच्या टेबलावर मी तो कागदी रुमाल त्याच्यापुढे ठेवला. तीस, चोवीस, अठरा, बारा.

"उद्या सहा," मी म्हणालो. "परवा शून्य."

"एकास शून्य म्हणजे काय, आण्णा?"

"भिंत."

तो हसला नाही. त्याने रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आज रात्रीच निघू, असं मी सांगितलं. उद्यापासून मला वर आणणं तुला जड जाईल आणि परवा कुणालाच जमणार नाही. शैला म्हणाली की यांनी कराडच्या नव्या घरातसुद्धा उतार काढला होता आणि गवंड्याला दोन फरश्या उचलायला लावल्या होत्या. ते खरं आहे. उतार होता. रेवती माझी बाजू घेते सहसा, पण तीही हळूच म्हणाली की शुक्रवारच्या वाळूच्या स्पर्धेत चार्वीचं नाव दिलंय, तीन दिवस ती दुसरं काही बोलत नाहीये.

मी हट्ट करायला हवा होता. केला नाही. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या हातांनी फिरणारा माणूस हट्ट जपून वापरतो. आणि स्पर्धेत बाकीची पोरं किल्ले करणार होती, चार्वी कालवा करणार होती, तो मी तिला शिकवणार होतो. याचा मला आनंद झाला होता, लपवत नाही.

शुक्रवारी सकाळी आठला एकास सहा होतं. विक्रांत आणि रेवती दोघांनी धरून मला खाली नेलं. मी धक्क्याच्या कडेला ब्रेक लावून बसलो आणि खाली वाळूत चार्वी प्लॅस्टिकचं फावडं घेऊन उभी राहिली. मी वरून ओरडत होतो, आणखी अर्धं बोट खोल घे, वळणावर रुंद कर, काठ थापटून घट्ट कर. पोरीला हात आहे. वीतभर खोल, दीडशे फूट लांब, तीन वळणं आणि एका ठिकाणी शिंपल्यांचा पूल. बादलीभर पाणी ओतलं तर ते न थबकता शेवटापर्यंत गेलं. उभ्या नोकरीत मला असा उतार मिळाला नव्हता. आम्ही मैलाला वीतभर उतारासाठी डोंगर फोडत होतो आणि इथे तो फुकट मिळत होता. मी आणखी एक फाटा काढायला सांगितला, मग त्याला पोटफाटा. परीक्षक आले, टोपी काढून उभे राहिले आणि दुसरा नंबर देऊन गेले. पहिला नंबर न मिळाल्याचा मला राग आला आणि त्या रागात मी चार्वीला तिसरा फाटा आखून दिला.

पाणसळ बघायची आठवणच राहिली नाही. पाहिली तेव्हा चार वाजून गेले होते आणि एकास चार झालं होतं.

लोक सामान आवरत होते. बादल्या आपोआप समुद्रात गेल्या होत्या. बायामाणसं कठडा धरून, वाकून, बोलत बोलत वर चालली होती. कुणी घाई केली नाही. मला मात्र भीती वाटली आणि तिच्यापेक्षा जास्त लाज वाटली, कारण सगळ्यांना जे सांगत होतो ते मीच विसरलो होतो.

"आता," मी विक्रांतला म्हणालो. "लगेच."

त्याने मागून ढकलायला सुरुवात केली. पन्नासेक पावलं आम्ही चढलो. मग त्याचे बूट घसरायला लागले. माझ्या लक्षात आलं की तो माझ्या आणि समुद्राच्या मध्ये आहे. खुर्ची सुटली तर आधी त्याच्या अंगावरून जाईल. मी दोन्ही ब्रेक ओढले आणि त्याला सांगितलं, बाजूला हो, खुर्ची फिरव, वरून ओढ. खुर्चीमागच्या एका मुठीला तो आणि दुसऱ्या मुठीला रेवती, पाठ चढाकडे. माझं तोंड समुद्राकडे झालं. शैला हातात एक वीट घेऊन बाजूने येत होती आणि खुर्ची वीतभर वर सरकली की चाकाच्या खालच्या बाजूला ती लावत होती. मी चाकांना हातांनी जोर देत होतो. विक्रांत एक, दोन म्हणायचा, तीनला ओढायचे. अशी आम्ही आणखी चाळीस पावलं काढली.

रस्ता उभा होत चालला होता तसा समुद्र माझ्या पायांखाली येत होता. मला चपला दिसत होत्या आणि चपलांच्या पुढे पाणी. खाली निवाऱ्यातल्या सातही जणांनी आपल्या खुर्च्या वळवल्या होत्या आणि ते आमच्याकडे बघत होते.

चार्वी चारी हातापायांनी चढत होती. ती दोनदा घसरली. मी शैलाला म्हणालो, पोरीला घेऊन वर जा. तिने ऐकलं नाही. मग मी आवाज चढवला, तेव्हा तिने वीट चाकाशी नीट बसवली, माझ्या गुडघ्यांवरची शाल उगाच सारखी केली आणि गेली. थोड्या वेळाने चार्वी रडायला लागल्याचं ऐकू आलं आणि रेवतीची मूठ सैल झाली. जा, मी म्हणालो. तीही गेली. मग एकटा विक्रांत राहिला. त्याने दोन्ही मुठी धरल्या, एक, दोन म्हणाला आणि खुर्ची हलली नाही.

"आण्णा, जरा दम घेतो," तो म्हणाला. "ब्रेक लावा."

मी ब्रेक लावले. पाठीशी त्याचा श्वास ऐकू येत होता. दमेकऱ्याचा असतो तसा. लहानपणी धावून आला की असाच धापा टाकायचा आणि मी त्याला ओरडायचो. मला मान वळवून मागे बघता येत नाही, पाठीत लोखंडी सळी आहे. म्हणून मी खाली निवाऱ्याकडे बघत राहिलो. ते सातही जण माझ्या डोक्याच्या थोडं वर बघत होते, म्हणजे विक्रांतच्या तोंडाकडे. मग त्यांच्या नजरा जरा वर गेल्या. मग आणखी वर. माना मागे कलत गेल्या. शेवटच्या बाईंनी डोळ्यांवर हात धरला, उंचावरचं काही बघताना धरतो तसा.

"विक्रांत," मी म्हणालो.

"आण्णा." आवाज फार वरून आला, कौलांच्या उंचीवरून. त्यात धाप नव्हती, रडं होतं.

"धरलंय ना?"

मग तो म्हणाला, "धरलंय, आण्णा. ओढतोय मी."

मी खरं बोललो असतो तर तो परत खाली आला असता. मी त्याला ओळखतो, तो आला असता. वीट सुटली आणि आपटत आपटत खाली गेली.

"हां," मी ओरडून सांगितलं, "चढतीय खुर्ची. असाच ओढत राहा." आणि दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरली.