माणसात दाखवा

घरात तिला शहाणी म्हणत. हे नाव दादानं ठेवलं होतं, कारण लहानपणापासून एकाही वादात त्याचा तिच्यापुढे टिकाव लागला नव्हता. मोठेपणी शहाणी कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करू लागली आणि वाद घालण्याचा पगार घेऊ लागली.

तिचं सगळं संशोधन चार वाक्यांत मावत होतं. पेशीला 'वाढ' असा निरोप बाहेरून येतो आणि एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात आत पोचतो. कॅन्सरच्या पेशीत तो थांबतच नाही. औषधानं ती वाट अडवली की गाठ आक्रसते. पण काही महिन्यांनी पेशी दुसरंच एक प्रथिन कामाला लावते आणि निरोप आडवाटेनं पुन्हा सुरू होतो, हे शहाणीनं दाखवलं होतं. पेशी मोठी बिलंदर. यावर तिनं ढीगभर निबंध छापले, तरी बढतीच्या वेळी संशोधनाची जंत्री पुढे ठेवली की समितीतले म्हातारे चष्मा पुसत तेच म्हणत, की हे सगळं काचेच्या बशीत झालं, माणसात दाखवा. ती जंत्री उचलून परत कामाला लागे.

मग दादाच्या फुप्फुसात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी त्याला नेमकं तेच औषध दिलं.

गाठ भराभर आटली. दादा जिने चढू लागला, वहिनीच्या जिवात जीव आला. औषध आमच्या नणंदबाईंच्याच खात्यातलं आहे, असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली. शहाणीला कुठं तोंड लपवू असं झालं. तिनं त्यांच्याकडे जाणंच कमी केलं, तेव्हा दादाला संशय येणारच होता. एका रविवारी त्यानं तिला गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं आणि सरळ विचारलं, हे टिकणार का. दादाशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. तिनं सांगून टाकलं.

दादा कठड्यावर वाकून खाली गाडी धुणाऱ्या माणसाकडे बघू लागला.

"म्हणजे तुझं खरं ठरलं तर मी गेलो," तो म्हणाला. "मग या खेपेला तुला हरवतोच, शहाणे."

"हरव," ती म्हणाली.

आणि ते ती मनापासून म्हणाली. ज्या निष्कर्षापायी केस पांढरे केले तो खोटा निघावा, अख्खी जंत्री रद्दीत जावी, असं तिला रोज वाटू लागलं. वहिनीला मात्र दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही.

वर्ष सरता सरता स्कॅनमध्ये गाठ पुन्हा दिसली. पण गाठ परत येण्याची कारणं अनेक असतात आणि काहींवर दुसरं औषध चालतं. आडवाटेवर मात्र अजून काहीच नव्हतं. दादाच्या गाठीचं कारण वेगळं निघेल, यावर शहाणीनं सगळी भिस्त ठेवली. असं कारण शोधायची तपासणी तिच्याच प्रयोगशाळेत होत असे, म्हणून गाठीचा तुकडा तिथंच आला; या औषधानंतर परतलेल्या गाठीचा तो तिथला पहिलाच. नियमाप्रमाणे डबीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. पण तो क्रमांक दादाच्या कागदांवर पाहिल्यामुळे तुकडा कोणाचा हे एकट्या शहाणीला ठाऊक होतं, म्हणून तिनं त्याला हात लावला नाही. काम हाताखालच्या संशोधक बाईंकडे दिलं. त्या बाईंनीही तिच्याबरोबर वर्षानुवर्षं तेच टोमणे खाल्ले होते.

आडवाटेचं प्रथिन असेल तर पडद्यावर काळी पट्टी उमटते, नसेल तर जागा कोरी राहते. दोघी पडद्यापुढे उभ्या राहिल्या. कोऱ्या जागेवर आधी धूसर रेघ आली, मग ठसठशीत पट्टी, अगदी निबंधात छापल्यासारखी.

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "मॅडम, माणसात दिसलं. आता म्हणू देत त्यांना काय म्हणायचं ते." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गलका ऐकून बाकीची मंडळी जमली, टाळ्या वाजल्या, यंदा बढती नक्की असं कोणीतरी म्हणालं. शहाणी सवयीनं सगळ्यांना 'थँक यू' म्हणाली.

मग जिन्यात येऊन तिनं दादाला फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"लागला निकाल?"

"लागला."

तिच्या आवाजावरूनच दादा काय ते समजला.

"बरं," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला मी सांगतो. तू जेवून घे."