दक्षिणेची खिडकी

बायको चांगुणा गेल्याचा फोन आला तेव्हा भीमराव बेलवलीच्या अर्धवट इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये उभे होते. हातात टेप, समोर लादीवर पडलेलं डिसेंबरचं ऊन. दक्षिणेच्या गॅलरीतून ते पाच फूट आत आलं होतं. हाडं ठिसूळ झालेल्या चांगुणाची खाट तिथेच टाकायची होती. बुवापाड्यातल्या राहत्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. दोन वर्षं चांगुणा तिथे पडून होती. फोन शेजारच्या गोजरबाईंचा होता. भीमराव "बरं" म्हणाले, पाचचा आकडा वहीत लिहिला आणि खाली उतरले.

बिल्डरच्या जाहिरातपत्रकावर ग्रीक खांब होते. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक दक्षिणेकडे तोंड करून घरं बांधत, हिवाळ्यात ऊन आत घेत, असं खाली छापलं होतं. मग फ्लॅटवाल्यांनी वास्तुवाला आणला आणि आठ दिवसांत सगळ्या दक्षिण गॅलऱ्या विटांनी बंद झाल्या. पत्रक तेच राहिलं. सूर्याला कुणी कळवलं नाही.

भीमरावांनी फ्लॅटवाल्यांच्या मीटिंगमध्ये आपल्या दक्षिणेच्या भिंतीत एक खिडकी मागितली.

"काका, ग्रीकांकडे वास्तुशास्त्र नव्हतं," बिल्डरचा माणूस अवधूत म्हणाला. "म्हणून तर त्यांची शहरं पडली."

"पडली, पण ऊन येतं तिथे."

गुरुदत्त साहेब कारखान्यात भीमरावांचे अधिकारी होते, आता वरच्या मजल्याचे मालक. ते समजुतीने म्हणाले, "दक्षिण यमाची दिशा, भीमराव. कशाला आमंत्रण?"

"माझी बायको उत्तरेच्या खोलीतून गेली, साहेब. यमाला तो पत्ता कुणी दिला?"

कुणीतरी समोशांची बशी पुढे सरकवली.

भीमरावांनी ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं रेषा मारल्या होत्या. ते सांगत राहिले, "शंभर वर्षांपूर्वी मुंबईत चाळींसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. भिंतीच्या पायापासून त्या कोनात आभाळ मोकळं पाहिजे. गोऱ्या साहेबाला रोगाची भीती, तुम्हाला यमाची. त्याने निदान आभाळ मोकळं ठेवलं."

"पण आता वहिनी नाहीत," साहेब हळूच म्हणाले. "ऊन कुणाला?"

भीमरावांनी टेप खिशात घातला. "खाट आहे ना," ते म्हणाले.

हात वर करून मतं झाली. तेवीस विरुद्ध एक. अवधूत म्हणाला, "लेखी अर्ज द्या काका, बघू."

अर्ज दिला, त्याला तीन वर्षं झाली. भीमराव बेलवलीत राहायला आले. खाट दक्षिणेच्या भिंतीला लावली आहे. तिथे दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. भिंतीत खिडकी पाडायची राहिली आहे.