भूल देणारी हवी

हॅडलंडच्या दवाखान्यात सर्जन होता, ऑपरेशनचं टेबल नवं कोरं होतं. फक्त माणसाला झोपवणारं कुणी नव्हतं. भूल देणारी म्हातारी नर्स निवृत्त होऊन ॲरिझोनाच्या उन्हात जाऊन बसली आणि गावातल्या बायकांना बाळंतपणासाठी दूरचं फार्गो शहर गाठावं लागू लागलं. नवी नर्स शोधायच्या समितीचा अध्यक्ष होता ओर्विल नेस्टेगार्ड. त्याच्या लेकीचं, डार्लाचं, पहिलं मूल सिझेरियनने झालेलं, दुसरं जानेवारीत होणार होतं. आणि नॉर्थ डकोटाच्या जानेवारीत रस्ता जागेवर असेलच याची खात्री कुणी देत नाही. ओर्विलची झोप उडाली होती.

पहिला उमेदवार टेक्सासचा. चर्चच्या तळघरात जेवणावर ओर्विलने नोकरी देऊ केली, आणि गडी लगेच "हो" म्हणाला. सगळ्यांचे काटे-चमचे हवेतच थांबले. हॅडलंडमध्ये माणूस कॉफीलासुद्धा दोनदा नको म्हणतो.

"पहिल्याच फटक्यात हो?" घरी येताना बायको व्हर्ना म्हणाली. "हावरटच दिसतोय मेला."

समिती महिनाभर विचार करत बसली, तोवर तो दुसरीकडे रुजू झाला.

दुसरी जॉर्जियाची. तिने स्वच्छ नकार दिला. ओर्विलला वाटलं, बाई वळणाची आहे. त्याने पुन्हा फोन केला, मग पुन्हा, आणि वर व्हर्नाच्या हातच्या भोपळ्याच्या वड्या पार्सलने पाठवल्या. बाईने उमेदवार पुरवणाऱ्या एजन्सीकडे तक्रार केली. तिथल्या क्रेगने ओर्विलची फोनवरच शाळा घेतली.

"नाही म्हणजे नाही, साहेब. एकदा विचारायचं, आभार मानायचे, विषय संपला."

या वयात असलं ऐकून घ्यावं लागलं म्हणून ओर्विल शरमेने अर्धा झाला. पण धडा त्याने गिरवला.

तेवढ्यात देव पावला. गावातल्याच ब्रेकेंची सिग्ने मिनिॲपोलिसमध्ये इतकी वर्षं भूल द्यायचं काम करून आईजवळ राहायला परत आली. ओर्विल त्याच दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात हजर. कॉफीला त्याने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणून भरलेला मग घेतला आणि मुद्द्यावर आला.

सिग्नेने नजर बशीकडे वळवली. "छे, मला कसलं जमतंय! तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळेल, ओर्विल."

पुन्हा विचारायला ओर्विलची जीभ नुसती वळवळत होती. पण क्रेग आठवला. "ठीक आहे, सिग्ने. आभारी आहे," म्हणून तो उठला. चुलीपाशी उभी असलेली तिची आई हातातला डाव तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. आपण जगाच्या रीतीने वागलो, या अभिमानात ओर्विलने ट्रक सुरू केला.

जानेवारीत डार्लाला कळा लागल्या त्या हिमवादळात. बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागे मागे ओर्विल रांगत्या वेगाने फार्गोला निघाला. मागच्या सीटवर पोरगी कण्हत होती, आणि आयुष्यात कधी नव्हे इतका तो घाबरला होता. ते कसेबसे वेळेत पोहोचले, म्हणून निभावलं. डार्लाच्या उशाशी बसून भूल देणारी नर्स होती सिग्ने.

नातू सुखरूप झाला. सिग्ने बाहेर आली, तसा ओर्विलने क्रेगचा सल्ला खुंटीला टांगला.

"सिग्ने, गावात काम करशील?"

"नको हो."

"ये ना, पोरी."

"छे, उगाच कशाला."

"अगं, खरंच ये."

सिग्नेचे डोळे भरले. "मी तर त्याच दिवशी तयार होते. आता इथे तीन वर्षांच्या कराराने बांधली गेलेय."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? आई म्हणाली, 'ओर्विलने एकदाच विचारलं. गावाला तू नको आहेस, एवढंच सांगायला आला होता तो.'"